कोलंबी, मौलाना आणि फैजानचं लग्न

काल दुपारी बोईसरला आमच्या घरी मुलीकडचे आले होते... कधी एकदा तुम्हा सगळ्यांना सांगते असं झालंय. चुका झाल्या तर समजून घ्या, माझी शाळा चौथीतच सुटली.

माझ्या नातवाने, फैजानने, मुलगी स्वतः पसंत केलीय. दोघं एकाच कारखान्यात. ती बनारसकडची, आम्ही इथले कोकणी मुसलमान. काल तिचे आजोबा, मौलाना, हो की नाही ते ठरवायला येणार होते. मदरशात शिकवायचे ते, घरात त्यांचाच शब्द.

मी सकाळीच मुरबे गावच्या बंदरावरून ताजी कोलंबी आणवली. कोलंबीचा पुलाव, रस्सा, तळलेली वेगळी. वांग्यातही सोडे, म्हणजे सुकी कोलंबी, घातले... आमच्याकडे सोड्याशिवाय वांगं म्हणजे आजाऱ्याचं जेवण.

सगळे जेवायला बसले आणि कोणाचा हातच पुढे जाईना. पोरगी आपली खाली मान घालून काकडी खातेय. फैजानने मला आत नेऊन सांगितलं, दादी, यांच्यात कोलंबी खात नाहीत. मेल्या, हे आत्ता सांगतोस?

मला वाटलं, झालं... मोडलं लग्न. बाहेर येऊन मी सरळ विचारलं, समुद्राची शिकार हलाल आहे असं किताबात, कुराणात आलंय ना, मग आम्ही पिढ्यान्पिढ्या चुकीचं खातोय का?

मौलाना हसले. म्हणाले, तुम्ही कोकणी ज्या जुन्या इमामांना मानता, त्यांनी शब्द जसा आहे तसा घेतला, समुद्रातलं सगळं. आमच्या इमामांनी त्याचा अर्थ लावला, फक्त मासा. आणि कोलंबीला मासा म्हणायचं की नाही, यावर आमच्याच आलिमांचं, जाणकारांचं, अजून एकमत नाही. पण शोधलं दोघांनीही मनापासून, म्हणून चुकीचं कोणीच नाही.

मग एकदम गंभीर झाले. "हमारी बच्ची यहाँ आई, तो उसे खाने को मजबूर तो नहीं करेंगी?"

फैजान माझ्याकडे बघायला लागला...

मी म्हटलं, "मौलाना, तिची कढई वेगळी ठेवीन. पण माझ्या कोलंबीला तिने नाक मुरडायचं नाय."

पोरगी खुदकन हसली. मौलानांनी आपलं ताट माझ्याकडे सरकवलं. "तो समधनजी, कुछ मछली तल दीजिए. भूख लगी है."

समधनजी म्हणाले मला, विहीणबाई! माळ्यावरची कोरी कढई काढली आणि बोंबील तळायला अशी पळाले की गुडघेदुखीच विसरले...

किताब एकच, अर्थ दोन निघाले... तरी ताटावरून कोणी उठून गेलं नाही. शुक्र आहे अल्लाचा.