जेमामाउसीच्या दारातली काठी

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर माणूस नाही. मागे डोंगर, त्यावर सरकारी जंगलातले जुने सालवृक्ष, दोघांच्या मिठीत न मावणारे. पुढे एक सारवलेली पायरी, आणि बंद दाराला टेकवलेली एक बांबूची काठी. उजेड वाढतो. दार उघडतं. सत्तरीची जेमामणी बेहेरा काठीकडे बघते, मग शेजारच्या बासंतीच्या घराकडे बघते आणि कुणाला दिसू नये अशी हसते.

आमच्या केंदुपडा गावात काठी घरोघर फिरते. सकाळी जिच्या दारात ती दिसेल तिनं दिवसभर जंगल राखायचं आणि संध्याकाळी ती शेजारच्या दाराशी ठेवायची. काठी मारायला नसते. ती दारात आली की नाही म्हणायचं नाही, एवढंच. हा डोंगर एकदा बोडका होत आला होता, तेव्हा ज्या पाच बायकांनी ही पाळी सुरू केली त्यातली जेमामाउसी एक. आणि आठवड्यापूर्वी जंगल समितीच्या कुळमणीनं तिच्याच घराला वगळलं होतं.

"माउसी, तुझे गुडघे गेले. आता आराम कर."

"गुडघे गेले, घर कुठे गेलंय?" ती म्हणाली. पण त्या दिवशी ती जेवली नाही.

म्हणून बासंतीनं समितीला न विचारता काठी गुपचूप तिच्याच दारात ठेवली होती. मी समोरच राहतो. जात्रेच्या नाटकमंडळीत मी बावीस वर्षं राण्यांची कामं केली, त्यामुळे माउसी मला राणीसाहेबच म्हणते.

"राणीसाहेब, पखाळभाताची हंडी उचला. चला माझ्याबरोबर."

चढ तिला झेपेना. जंगलाच्या तोंडाशी, जिथून गाडीवाट आत शिरते, तिथंच ती वाटेच्या मधोमध बसली. "वर जाऊन काय करू? झाडं पायानं थोडीच येतात? न्यायची झाली तर इथूनच नेतील."

दुपारी ट्रक आला. ठेकेदाराच्या मुकादमाकडे कागद होता वाळलेल्या झाडांचा, आणि करवती होत्या उभ्या झाडांसाठी.

"म्हातारे, बाजूला हो."

जेमामाउसी माझ्या खांद्याला धरून उठली. बाजूला झाली. चार पावलं चालून तिनं काठी ट्रकच्या दाराला टेकवली, ड्रायव्हरच्या बाजूला.

"काठी आली रे बाबा तुझ्या दारात. आज पाळी तुझी."

ड्रायव्हर डोंगरापलीकडच्या गावचा, कोवळ्या मिशांचा. तो गोंधळून म्हणाला, "पण माउसी, पाळी तर संध्याकाळी बदलते."

"म्हणजे तुला नियम ठाऊक आहे."

त्यानं इंजिन बंद केलं.

"संध्याकाळ व्हायचीय," ती म्हणाली, "पण माझ्या गुडघ्यांची केव्हाच झाली. घेतोस की नाही म्हणतोस?"

"फेकून दे रे ती," मुकादम ओरडला.

"तुम्ही उतरा आणि फेका, साहेब. माझ्या आईच्या दारात अशीच काठी येते. मी हात लावला आणि फेकली असं तिला कळलं, तर मला घरात घेणार नाही."

मुकादम उतरला. काठीपर्यंत आला. तोही इथलाच. तो काठीकडे बघत राहिला, आणि चार हातांवर मी हंडी धरून उभा होतो. माझ्या एकाही राणीला प्रेक्षकांतून असली शांतता मिळाली नव्हती.

तोवर ट्रकचा आवाज ऐकून बासंती बायकांना घेऊन आलीच. ड्रायव्हरनं हळूच दार उघडलं, काठी उचलली, आणि ट्रकसमोर जाऊन वाटेत उभा राहिला. मुकादमाला ट्रक चालवता येत नव्हता. तो शिव्या देत पायी गेला. संध्याकाळपर्यंत त्या पोरानं जंगल राखलं. पखाळही त्यानंच संपवला. मग आमच्या गल्लीत येऊन त्यानं विचारलं, "माउसीच्या शेजारचं दार कोणतं?" आणि काठी माउसीच्या दुसऱ्या बाजूच्या, कुळमणीच्या दाराशी ठेवून ट्रक रिकामा घेऊन गेला.

थोड्या वेळानं कुळमणी वही घेऊन माउसीच्या पायरीशी आला. मान खाली.

"माउसी, यादीत तुझं नाव पुन्हा लिहिलं."

जेमामाउसी गुडघ्यांना तेल चोळत होती. वर न बघता म्हणाली, "यादी तुझ्याकडे राहू दे. काठी माझ्या दारात ठेवत जा."