बोंडल्याची वेळ

कसब्यातल्या आमच्या तांबट आळीत माझ्या दुकानासमोरच एका तांबटाचं दुकान. बोलायचाच झाला तर हातोडीच्या दोन ठोक्यांच्या मध्ये बोलायचा. त्याची लेक नऊ वर्षांची, पण मान धरत नव्हती. दूध पिताना आवाजानं दचकली की ठसका लागून काळीनिळी पडायची. वैद्यांनी हात टेकले होते. हा दर वर्षी तिच्यासाठी दूध पाजायचं थोडं मोठं चोचीचं बोंडलं घडवी, आतून कल्हई करी. दुपारी तिला मांडीवर घेऊन हात वर केला, की सारी आळी हातोड्या खाली ठेवी. मी कुणाच्या बापासाठी हात थांबवणारा नव्हे. तरी थांबायचो.

एकदा श्रीमंतांच्या कोठीवरचा कारकून हंडे न्यायला आला आणि ओरडला, "अहो, काम का बंद?"

पोर ताठरली. यानं तिची पाठ चोळत हळूच म्हटलं, "लेक दूध पितेय. आपण बसा."

"किती वेळ?"

"ते तिला ठाऊक."

मला वाटलं, गेलं याचं सरकारी काम. पण कारकून करकरणारे जोडे हातात घेऊन पायरीवर टेकला. तांब्याच्या पत्र्यांवर ऊन पाण्यासारखं हलत होतं. आणि भर दुपारी, तांबट आळीत, त्या पोरीचा घोट उतरल्याचा आवाज मी ऐकला.