पाच हातांवरची म्हैस

शिवलीलाच्या कॅमेऱ्याची लेन्स एका बारशात पाळण्याच्या कडीवर आपटली आणि तिची फोकस करणारी मोटर गेली, तीही ऐन दिवाळीच्या तोंडावर. कॅमेरा ठणठणीत, डोळा तेवढा गेलेला.

गंगावेशीतला तिचा स्टुडिओ म्हणजे एक खुर्ची, एक निळा पडदा आणि पासपोर्ट फोटोला आलेल्यांवर ओरडणारी ती. निपाणीहून लग्न होऊन आली तेव्हा कॅमेऱ्याचं तोंड कुठलं नि पाठ कुठली हेही तिला कळत नव्हतं. सासऱ्यांनी डार्करूममध्ये उभं करून शिकवलं. घाबरली की कानडीत बोलायची सवय मात्र माहेरची. लग्नंबिग्नं आता सगळी दुसऱ्यांकडं गेली होती. राहिलं होतं एकच काम, गवळी मंडळाचं कॅलेंडर. पाडव्याला कोल्हापुरात म्हशी नटवून मोटारसायकलीमागं पळवतात, त्या पळणाऱ्या म्हशीचा फोटो सासऱ्यांच्या काळापासून याच स्टुडिओचा.

"यंदा त्या नव्या फोटोवाल्या ऋतुराजच्या ड्रोनला काम देऊ म्हणतोय," मंडळाचे अध्यक्ष गणपतराव दारातूनच म्हणाले. "तुमच्या कॅमेऱ्याला मोतीबिंदू झालाय म्हणं."

"पाडव्याला संध्याकाळी माझा फोटो बघा, मग ठरवा."

"आन् न्हाय आला तर?"

"तर माझं कॅलेंडर टांगायचा भिंतीवरचा खिळा मी सोता उपटून देते. ऋतुराजचं कॅलेंडर लावा जावा कुठं लावायचं तिथं."

बोलून गेली खरी, पण खिळ्यासकट स्टुडिओच उपटला जाणार हे तिला ठाऊक होतं.

माळ्यावर सासऱ्यांची जुनी रशियन लेन्स होती. सगळी धातूची, फोकस हातानं फिरवायचा. कॅमेरा जपानी. दोघांची सोयरीक जमवायची तर मध्ये कडी हवी. ती उद्यमनगरात ज्ञानू मिस्त्रीच्या लेथवर गेली.

ज्ञानूनं लेन्स उलटीपालटी केली. "वहिनी, हिला आटं हायीत, त्याला खाचा हायीत. हे स्थळ सुचवलं कुणी?"

"मीच. मध्यस्थ तुम्ही."

ज्ञानूनं मोटर गेलेल्या लेन्सची मागची चकती काढली, कारण ती या कॅमेऱ्यात अचूक बसत होती. पुढं ॲल्युमिनियमची पेढ्याच्या डबीएवढी नळी कातली, आत आटे पाडले, चकती स्क्रूनं जोडली. "मेलेलीचं पाय म्हातारीला लावलं बघा! पळतीय का न्हाय आता?"

घरी येऊन शिवलीलानं पायरीवरच्या दुधाच्या किटलीवर लेन्स रोखली. किटलीवरचा पोचासुद्धा लख्ख. मग समोरच्या दुकानाच्या पाटीवर रोखली. सगळं धूसर. लेन्सचं कडं फिरवून फिरवून शेवटाला टेकलं, तरी दहा फुटांपलीकडचं जग काही जागेवर येईना.

तिनं फोन लावला. "मिस्त्री, लांबचं सगळं धूसर दिसतंय. नळी केवढी कातली?"

"तुम्ही सांगितल्यापरास एक मिलिमीटर जास्त. घासायला शिल्लक ठेवावीच लागत्या की! कमी भरली तर धातू काय डिंकानं चिकटवू? आणा, उतरवून देतो."

"आलेच."

"आता नगं! मी बिद्रीच्या साखर कारखान्यावर पोचलोय, गाळपाआधीची कामं हायीत. भाऊबीज झाली की या."

बाकीच्या लेथवाल्यांनी यंत्रांना हार घालून शटर ओढलेलं होतं. पाडवा उद्यावर.

सकाळी ती चिमणाबाईच्या गोठ्यावर गेली. चिमणाबाईची सगुणा म्हणजे गल्लीतली सगळ्यांत देखणी म्हैस. शिंगांना रंग, वर मोरपिसांचा तुरा, गळ्यात कवड्यांची माळ.

"मावशी, म्हैस दहा फुटांच्या आत असली तरच फोटो येईल बघा."

"अगं, दहा फुटांत म्हंजे शिंगावरच की! पळत्या म्हशीम्होरं उभी ऱ्हाणार व्हय? फोटो म्हंजे कॅलेंडरवर नको, हार घालून भित्तीवर लावायला लागंल."

अंगणात चिमणाबाईचा पोरगा पृथ्वीराज सायलेन्सर काढलेली मोटारसायकल चालू करून बघत होता. फटफटाट झाला तशी सगुणानं मान वळवली, दावं ताणलं, आणि गाडीच्या मागच्या चाकाकडं नाक करून उभी राहिली.

शिवलीला बघतच राहिली. "पृथ्वीराज, पळताना किती मागं असते रे ही?"

"लई तर पाच हात, काकू. आमच्यातलं अंतर सोडत न्हाय ती."

"कधीच?"

"गाडी पळंल तशी पळती. थांबली की थांबती."

"पाच हात म्हणजे दहा फुटांच्या आतच! मग मी गाडीवर उलटी बसते!"

चिमणाबाईनं कपाळावर हात मारला. मग आत जाऊन आपली दुधाशेणाचा वास असलेली शाल घेऊन आली आणि शिवलीलाच्या अंगाला गुंडाळली. "वळखीचा वास पायजे तिला. न्हायतर परकं माणूस बघून बुजंल."

दुपारी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गर्दी लोटली. पृथ्वीराजच्या पाठीला पाठ लावून, ओढणीनं त्याच्याशी बांधून घेऊन शिवलीला बसली. तिनं लेन्सचं कडं पाच हातांवर आणून ठेवलं. गाडी सुटली. सगुणा दोन पावलं आली आणि थबकली. गाडीवर हे उलटं तोंड कुणाचं?

"काकू, हाक मारा! आईसारखी!"

चिमणाबाई हाक कशी मारते तेच शिवलीलाला आठवेना. ‘ये, लवकर ये’ म्हणायचं तर तोंडातून निघालं ते माहेरचं कानडीच, "बा! बा! बेग बा गं!"

सगुणानं कान हलवले, शाल हुंगल्यासारखं नाक वर केलं, आणि अशी उधळली की शिवलीलानं डोळेच मिटले. उघडले तेव्हा म्हैस बरोब्बर पाच हातांवर. ना पुढं, ना मागं. खड्डे, धूळ, शिट्ट्या, आणि चौकटीत तेवढी सगुणा. ती बटण दाबत सुटली.

संध्याकाळी स्टुडिओत गणपतरावांसकट गल्ली जमली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर सगुणा आली. नाकपुडीवरचा फेस, पापणीवरची धूळ, मोरपिसाचा एकेक धागा मोजून घ्यावा असा. मागची गर्दी गोल गोल विरघळलेली, रांगोळी पाण्यात पडावी तशी.

मग गणपतराव पुढं झाले. "ह्यात मी कुठाय? म्हशीच्या मागंच फेटा बांधून उभा हुतो की!"

"हाय की. तो भगवा गोळा दिसतोय न्हवं, तेच तुम्ही."

"अध्यक्ष आन् गोळा?"

"गणपतराव," चिमणाबाई म्हणाली, "कॅलेंडर म्हशीचं हाय. पुढच्या साली तुम्ही पळा, तुमचा काढू."

अख्खी गल्ली हसत सुटली. गणपतराव खोटं खोटं रागावले, चष्मा वर करून म्हशीच्या डोळ्यापाशी वाकले. "आरं तिच्या! डोळ्यात गाडी दिसत्याय. आन् गाडीवर ही बया!" ते सरळ झाले. "छापा. ड्रोनला सांगा, यंदा वरनंच बघ."

शिवलीला खुर्चीत बसायला गेली आणि "अय्यो!" करत उठली. कंबर धरली होती. तेवढ्यात दारात दोन मोटारसायकली फटफटत येऊन थांबल्या.

"वहिनी, आमच्या म्हशीचा बी असाच काढायचा. उद्या उलटं बसणार का?"

"बसते की," शिवलीला कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आधी सीटवर गादी बांधून आणा!"