आबांच्या गुडघ्यासमोरची खुर्ची

आबांच्या गुडघ्याच्या व्यायामाला मी प्रेक्षक बोलावले. हा मूर्खपणा सर्वस्वी माझा; त्यात दुसऱ्या कुणाचा वाटा नाही.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांचा गुडघा बदलून आम्ही त्यांना मंगळवार पेठेतल्या घरी आणलं, तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं : पुढच्या तपासणीपर्यंत पाय काटकोनात वाकला पाहिजे, नाहीतर पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल. आबांनी तिथं मुकाट मान हलवली. गाडीत बसल्यावर मात्र म्हणाले, "त्या टेबलावर मी परत जात न्हाई. ऱ्हाऊ दे पाय लाकडागत."

लाकडागत राहिला असता तर त्यांचं सगळंच थांबलं असतं. संध्याकाळी चौकात म्हशी येऊन उभ्या राहतात, गवळी समोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. आबा जन्मभर तिथं चालत गेलेले. रिक्षातून उतरून, कुणाच्या खांद्यावर हात ठेवून दूध प्यायचं, हे त्यांना जमण्यातलं नव्हतं.

व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट बाई घरी यायच्या. मूळच्या आजऱ्याच्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या, आवाज खणखणीत. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "आबा, ताण बसणार, ते चालतंय. पण कळ आली की लगेच बोलायचं. तुम्ही सांगाल तिथं मी थांबणार."

सगळी मदार आबांच्या बोलण्यावर होती, आणि माझ्या डोक्यात नेमकी तेव्हाच कल्पना आली. आबा तरुणपणी तालमीतले. जुने जोडीदार समोर बसले, चार आरोळ्या ठोकल्या, की पाय आपोआप वाकेल. मी तिघांना निरोप धाडला. तिघेही फेटे बांधून आले.

आबांची टाच कॉटवर हळूहळू मागं सरकू लागली.

"दुखतंय का आबा?"

"न्हाई."

कपाळावर घाम फुटला होता. पायाची बोटं ताठ झाली होती. कॉटची लोखंडी कड त्यांनी अशी धरली होती, की नखं पांढरी पडली.

"खरं सांगा, थांबू का?"

"वाकवा की!"

"ह्याला म्हंत्यात पैलवान!" एक जोडीदार ओरडला. दुसऱ्यानं मांडीवर थाप मारली. आणि मी टाळ्या वाजवल्या. होय, टाळ्या.

संध्याकाळी गुडघा सुजून नारळाएवढा झाला. हात लावला तर तव्यासारखा गरम. आबा भिंतीकडं तोंड करून पडले, जेवले नाहीत. टाक्यांत काही झालं असेल का, म्हणून मी बाईंना फोन लावला. बाई धावत आल्या, पाय तपासला, डॉक्टरांशी फोनवर बोलल्या. टाके शाबूत होते. पण सूज उतरेपर्यंत पाय वाकवायचा नाही, उंचावर ठेवायचा, बर्फानं शेकायचा. तपासणीची तारीख मात्र पुढं सरकणार नव्हती.

जाताना मला म्हणाल्या, "काका, तुम्ही व्यायाम ठेवलावता का कुस्त्यांचं मैदान? तीन माणसांसमोर हा माणूस दुखतंय म्हणंल व्हय?"

घरात बर्फ नव्हता. बायकोनं फ्रीजरमधली गोठलेली दुधाची पिशवी टॉवेलात गुंडाळून गुडघ्यावर ठेवली. आबांनी डोळे किलकिले करून बघितलं. "पिशवीतलं दूध व्हय? असू दे. ह्याच कामाचं हाय ते."

त्या संध्याकाळी ते एवढंच बोलले. मला हसू आलं नाही.

सूज उतरल्यावर व्यायाम पुन्हा सुरू झाला तो दार लावून. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी आबा टाळत होते, हेही तेव्हाच उघडं पडलं. आता पोटात काही गेल्यावर, व्यायामाच्या अर्धा तास आधी, ती बाईंच्या हुकमानं सुरू झाली. मग बाईंनी विचारलं, "आबा, दहापैकी किती दुखतंय?"

"मला शाळंत घातलंय व्हय?"

टाच सरकावी म्हणून मी चादरीवर पावडर टाकायला गेलो आणि डबाच पालथा केला. टाच त्याच वेळी मागं येत होती. "लेका, डबा तरी धरता येतो का तुला?" टाच आणखी मागं आली, तशी दहावीत भूगोलाच्या पेपराला मी इतिहास वाचून गेलो होतो, ते निघालं. बाईंनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"काका, ती खुर्ची घ्या. आबांच्या समोर बसा. उठायचं न्हाई."

तेव्हापासून आबांच्या दुखण्याची मीच मोजपट्टी झालो. पावडरीचा डबा म्हणजे किरकोळ. भूगोल म्हणजे सोसण्यासारखं. इचलकरंजीला मी यंत्रमाग घेतला आणि चालवायला माणूस बघायचाच विसरलो, ती कथा सुरू झाली की बाई हात सैल सोडत.

तपासणीच्या आदल्या दिवशी पाय अजून काटकोनाच्या अलीकडंच अडत होता. बाई जपून वाकवत होत्या. डबा झाला, भूगोल झाला. यंत्रमागाची मी वाट बघत होतो. आबा एकदम माझ्याकडं बघून हळू म्हणाले, "बाळा, दमलास का? पाणी पी जा."

उभ्या जन्मात त्यांनी मला बाळा म्हटलेलं नव्हतं.

"सोडा!" मी ओरडलो. "बाई, सोडा त्यांना!"

बाईंनी हात काढले. आबांचे डोळे भरले होते. मग भिंतीकडं न वळता, आमच्याकडं बघतच ते म्हणाले, "दुखालंय."

"मग आज बास करू या आबा."

"बास नको. जरा दम खाऊ दे."

दुधाची पिशवी आली. बाईंनी त्यांना लांब श्वास घ्यायला लावला, सोडताना टाच थोडीशी मागं, पुन्हा थांबायचं. कळ आली की आबा स्वतःच हात वर करत. मध्येच त्यांनी यंत्रमाग काढला. ती गोष्ट मी इतक्या आनंदानं कधीच ऐकली नव्हती. गोष्टीतला यंत्रमाग भंगारात गेला तेव्हा बाई म्हणाल्या, "आबा, खाली बघा." पाय काटकोनात होता.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी मोजून बघितलं आणि टेबलाचा विषय काढला नाही.

पुढं आबा काठी टेकत चौकात गेले. मी चार पावलं मागं. जोडीदारांनी पेला त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, "एवढं दुखणं सोसलंस कसं रं?"

आबांनी मिशीवरचा फेस पुसला आणि काठी माझ्याकडं केली. "ह्याला समोर बसवत हुतो. ह्याच्याकडं बघितलं की गुडघ्याचं काय वाटत न्हाई."