बायचा कायमचा पत्ता

आमच्या घरची नागली संक्रांतीपर्यंत कधी पुरली नाही. दिवाळी झाली की आमच्या वांगणी पाड्यातली निम्मी घरं दाराला कडी घालून वीटभट्ट्यांवर निघायची, त्यात आमचंही. आई-बाबा विटा थापायचे आणि बाय, म्हणजे माझी मोठी बहीण जनी, मला कडेवर घेऊन माती कालवायची. तिची शाळा तिथंच सुटली. माझी सुटू नये म्हणून तिनंच मला जव्हारच्या आश्रमशाळेत नेऊन सोडलं. "हिला पुन्यांदा भट्टीवर आनायची नाय," असं बाबांना बजावलं. मी बी.ए. झाले, आमच्या पाड्यातली पहिली. हे मी अभिमानानं सांगते, कारण त्यातलं निम्मं तिचं आहे.

बायचं लग्न पाड्यातच झालं, पण भट्टी सुटली नाही. निघताना तिची एक रीत होती. निवडलेलं नागलीचं बी वाळक्या भोपळ्यात भरायचं, तोंड शेणामातीनं लिंपायचं आणि भोपळा चुलीवरच्या आढ्याला टांगायचा. घरात खायला काही नसलं तरी त्याला हात लावायचा नाही. "बी घरात हाय तवर आपून घरातच हाव," म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी मला एका संस्थेच्या पाहणीत काम मिळालं. बायच्या ओट्यावर बसून मी तिचाच फॉर्म भरला आणि एका रकान्यात 'मायग्रंट' लिहिलं.

"काय लिवलंस, बारके?"

मी शिकलेली. सगळे अर्थ सांगितले. कामासाठी गाव सोडणारा, दुसऱ्या मुलखातून आलेला, बाहेरचा... थंडीत तळ्यावर येणाऱ्या पाखरांनाही हाच शब्द लावतात, असंही सांगितलं.

"पाखरांचा फॉर्म कोन भरतं?" ती हसली. मग हसू थांबवून म्हणाली, "आमी जगाया जातो. ऱ्हायाला नाय. तसा लिव."

"तसा रकाना नसतो, बाय."

"मंग शिकून काय केलंस, म्याडम?"

मी तो शब्द खोडला नाही. पुढं तो मी खूप ऐकला. संस्थेच्या बैठकीत तो हळहळत उच्चारतात, भट्टीच्या गावात कपाळाला आठी घालून. चहाच्या टपरीवर काही चोरीला गेलं की आधी 'ते मायग्रंट' आठवतात. आणि हे सगळे ज्यांच्याबद्दल बोलतात त्या माणसांच्या तोंडी मात्र तो शब्द नसतो. आमच्याकडं विचारलं तर एवढंच सांगतील... जगायला गेलेत.

यंदा भट्टीवर निघताना बाय शिमग्याला येते म्हणाली होती. शिमग्याच्या चार दिवस आधी मी जव्हारच्या डेपोत गाडीची वाट बघत असताना महादू भावोजींचा फोन आला. "बारके, जनी गेली." तीन दिवस ताप होता. दवाखान्यात नेलं तेव्हा ती बोलत नव्हती. मी भट्टीच्या गावी पोचले तेव्हा सरण रचून झालं होतं. गावी आणायला गाडी मिळाली नाही. तिला आम्ही तिथंच, अनोळखी माणसांच्या स्मशानात सोडून आलो.

पंधरा दिवसांनी मृत्यूचा दाखला हातात आला. कायमचा पत्ता : वीटभट्टी. दवाखान्यात भावोजींना विचारलं होतं, कुठं राहता? त्यांनी खरं तेच सांगितलं, भट्टीवर. दवाखान्याच्या कागदावर पुढं शेरा होता : मायग्रंट. माझ्या फॉर्मवर होता तोच शब्द. फक्त अक्षर दुसऱ्याचं.

ती तर आली नाही, निदान कागदावर तरी घरी यावी म्हणून मी दाखला देणाऱ्या कचेरीत तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला टेबलामागचा माणूस वैतागून म्हणाला, "ताई, गेलेल्या माणसाला पत्त्याचं काय? मायग्रंटच होती ना?"

"ती जगायला आली होती, साहेब," मी म्हणाले. "राहायला वांगणीलाच होती."

माझ्याकडं तिचं मतदान कार्ड होतं, ग्रामपंचायतीचा दाखला होता. त्यानं बराच वेळ ते उलटसुलट पाहिले आणि अर्ज ठेवून घेतला.

परवा भावोजींबरोबर बायचं घर उघडलं. सगळीकडं धूळ. आढ्याला भोपळा तसाच लटकत होता, लिंपणावर तिच्या बोटांचे ठसे. भावोजी बघत राहिले. "पेरायचा का बी औंदा?" त्यांनी विचारलं. मी होकाराची मान हलवली. मग पिशवीतला नवा दाखला काढून त्यांना वाचून दाखवला.

मयताचं नाव : जनी. कायमचा पत्ता : मु. वांगणी.