पाहुणी म्हैस

ज्यांच्याविषयी आदराने बोलावं अशी माणसं विज्ञानाच्या क्षेत्रात मला उशिरा भेटली. आधी भेटले आमचे मार्गदर्शक.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी त्यांच्या हाताखाली काम करत होते. प्रकल्प तीन विभागांचा होता. खाणकामवाले सुरुंगाचे हादरे मोजणार, त्या हादऱ्यांचा म्हशींच्या नाडीवर होणारा परिणाम प्राणिशास्त्रातर्फे मी तपासणार, आणि तिसऱ्या विभागाला रिकाम्या हाती कसं पाठवायचं, म्हणून शेणापासून ऊर्जा. प्रकल्पाचं नाव फलकावर दोन ओळींतही मावेना. विचार अर्ध्या ओळीत मावला असता.

रचना सोपी होती. ओतूरजवळच्या खडीच्या खाणीला लागून असलेल्या गोठ्यांतल्या म्हशी एका गटात, आणि सुरुंगाचा आवाजही जिथे पोहोचत नाही त्या मढच्या म्हशी तुलनेसाठी दुसऱ्या गटात. खाणीजवळच्या म्हशी रोजच्या हादऱ्यांनी कायमच्या धास्तावलेल्या असतात, हे सरांनी आधीच ठरवलं होतं. मी ते सिद्ध करायचं. मग पीएच.डी.साठी त्यांचं शिफारसपत्र मिळणार होतं, आणि त्या पत्राशिवाय माझ्यासाठी कुठलंही दार उघडणार नव्हतं.

मढची मोजणी आटोपून आम्ही खाणीवर गेलो. पहिल्याच गोठ्यात एक तुकतुकीत म्हैस उभी होती. शिंगांना तेल, कपाळावर हळदीकुंकू. शिट्टी झाली, लाल झेंडा हलला, सुरुंग उडाला. म्हशीने दावं तोडलं, पाण्याचं पिंप लवंडलं आणि ती रस्त्याला लागली.

"पाहा! याला म्हणतात परिणाम!" सर हर्षभरित झाले आणि त्यांनी तुटलेल्या दाव्याचे फोटो काढले.

म्हैस धरून आणल्यावर मी नाडी पाहायला वाकले, तेव्हा तिचा फाटका डावा कान दिसला. हा कान मी मढला पाहिला होता.

"दादा, ही म्हैस तुमचीच ना?" मी मालकाला विचारलं.

"आमचीच म्हणा की ताई. सासुरवाडीची हाय, मढची. कालच टेंपोत घालून आणली."

"का?"

"आता का म्हंजे! कालिजातलं पावणं येणार, आन् आमची हडकुळी म्हस दावू व्हय? चार मान्सांत लाज जायची."

आतून त्यांची बायको म्हणाली, "माझ्या म्हायेरची हाय म्हणून सांगा की! तुमची म्हस बघून पावण्यांनी च्या बी घेतला नसता."

मुलगी दाखवताना शेजारणीचा हार उसना आणावा, तशी त्यांनी म्हैस आणली होती. त्यांना मी दोष देत नाही. पाहुण्यांची शोभा त्यांनी राखली. पाहुण्यांनी ती घालवली.

"म्हैस म्हणजे म्हैस," सर म्हणाले. "सरासरीत सगळं जिरतं. चला, मटण निवतंय." खाणमालकाने जेवणाचा बेत केला होता, तिन्ही विभागांचं एकमत झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

हडकुळी म्हैस गोठ्यामागे बाभळीला बांधलेली होती. मी तिच्या शेपटीच्या मुळाशी, नाडीवर बोटं ठेवून उभी राहिले.

"ताई, जेवा की! ती काय पळून जात न्हाई," म्हशीचे मालक ओरडले.

दुपारचा सुरुंग उडाला. दचकले मी. म्हशीने एक कान हलवला आणि रवंथ चालू ठेवला. नाडीत कणभर फरक नाही. धास्तावली होती ती पाहुणी, जिने जन्मात सुरुंग ऐकला नव्हता. एका म्हशीवरून निष्कर्ष निघत नाही, हे मला ठाऊक होतं. सरांचा मात्र निघाला होता, तोही उसन्या म्हशीवरून.

पुण्याला परतल्यावर त्यांनी नोंदींचे कागद माझ्यापुढे सरकवले. मी सही केली नाही. सगळे गोठे पुन्हा मोजू, असं मी म्हणाले.

"शिफारसपत्र हवंय ना तुला?"

"हवंय, सर. पण या म्हशीच्या जामिनावर नको."

पत्र मिळालं नाही. सरांना परिसंवादात शाल आणि नारळ मिळाला. त्यांचा लेखही छापून आला. त्यात तुटलेलं दावं ठळक दिसतं, फाटका कान तेवढा चौकटीबाहेर आहे.

दुसऱ्या मार्गदर्शकांकडे जाऊन, एसटीने ओतूरला खेपा घालून, मी ते गोठे पुन्हा मोजले. प्रबंध वर्षभर उशिरा झाला. पद्धतीच्या प्रकरणात मी पहिलंच वाक्य लिहिलं, की मोजणीपूर्वी प्रत्येक म्हैस त्याच गोठ्यातली असल्याची खात्री करून घेतली. परीक्षकांना ते अनावश्यक वाटलं. मी ते काढलं नाही.