जनरल शिफ्टमधली भुतं

भुतांना या मुलखात कुणी शिस्त लावली असेल, तर ती आमच्या आतोबांनी. मांत्रिक लोक भुतं नुसती पळवून लावतात. आतोबांनी ती रांगेत उभी केली, तपासली आणि एकेकाच्या नावापुढे शेरा मारला. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. तरुणपणी साताऱ्याकडून नोकरीसाठी देवासला आले, गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात लागले आणि तीसेक वर्षं दात मोजत राहिले. गिअरचे. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा काही दिवस त्यांनी आत्याच्या पोळ्या तपासल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला सांगितलं, की आजची दुसरी पोळी कडेला जाड आहे. आत्याने लाटणं खाली ठेवलं, टीव्हीचा रिमोट त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "आता काय तपासायचं ते यात तपासा." टीव्हीवर त्या वेळी एक चेटकीण चिंचेवरून उतरत होती. तिथून सगळं सुरू झालं.

आज त्यांच्या कपाटात जाड पुठ्ठ्याच्या, लांबट अशा अकरा वह्या आहेत. ते त्यांना डायरी म्हणतात, पण "आज मन उदास होतं" असलं काही त्यात सापडायचं नाही. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले रकाने: मालाचं नाव, तारीख, आढळलेले दोष, देवासचा शेरा, धारचा शेरा आणि शेवटी दोन सह्या. निर्णय तीनच, पास, रिजेक्ट आणि होल्ड. दोष मात्र वाचण्यासारखे. "साडी पांढरी, इस्त्री कडक. मेल्यावर इस्त्री कोणी केली, खुलासा नाही." "भूत भिंतीतून आत आलं, जाताना कडी काढून गेलं. कामात एकसूत्रीपणा नाही." "पाय उलटे, पण चिखलातले ठसे सुलटे. रिजेक्ट." एका रक्त पिणाऱ्या जमीनदाराचे सुळे त्यांना लहानमोठे वाटले, तेव्हा त्यांनी चित्र थांबवलं, कपाटातून कारखान्यातला व्हर्नियर काढला आणि टीव्हीच्या काचेला लावून दोन्ही सुळे मोजले. "अहो, ओरखडा पडेल!" आत्या स्वयंपाकघरातून ओरडली. "डावा कमी आहे," आतोबा शांतपणे म्हणाले, "या माणसाला धड चावताच येणार नाही." आणि तसं त्यांनी वहीत लिहूनही टाकलं.

भुतं पाहायची ती सकाळी अकराला, हा त्यांचा नियम. खिडक्या सताड उघड्या, तरीही ट्यूबलाइट चालू, पुढ्यात पोह्यांची बशी, पोह्यांवर मूठभर शेव आणि खुर्ची अशी मांडलेली, की मान जरा वळवली तरी टेकडी दिसावी. टेकडीवर देवी बसलेली असताना कुणाची काय टाप, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा म्हटलं, "आतोबा, भुतं रात्री बघायची असतात." ते म्हणाले, "बेटा, रात्री बघणं म्हणजे त्यांच्या शिफ्टमध्ये जाणं. अपन तो जनरल शिफ्टवाले." खरी गोष्ट अशी, की आतोबा अतिशय भित्रे आहेत, आणि हे मी प्रेमानेच सांगते आहे. पडद्यावर वारा सुटला, दार करकरलं, की ते बशी खाली ठेवून उठतात. "पाण्याची मोटर चालू राहिली काय, पाहून येतो." मोटर कधीच चालू नसते. किंकाळी होऊन गेली की ते परत येतात आणि वहीत लिहितात, "मधल्या भागात दोष आढळला नाही."

धारचा शेरा आणि दुसरी सही नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची. कारखान्यात दोन तपासनिसांच्या सह्या झाल्याशिवाय माल गेटबाहेर जात नसे, तोच कायदा आतोबांनी भुतांना लावला. आम्ही पिढ्यान् पिढ्या धारचे. नाना शाळेत संस्कृत शिकवायचे, जुन्या वळणाचं मराठी बोलायचे आणि माणसांना काय, भुतांनाही दुखवायचे नाहीत. रोज अकराला देवासहून फोन यायचा, "नाना, चालू करा," आणि दोन गावांत एकच भाग एकाच वेळी सुरू व्हायचा. फोन दोन्हीकडे स्पीकरवर. मधेच पलीकडे शांतता झाली की नाना हळूच आत्याला विचारायचे, "कुशे, दाजी मोटर पाहायला गेले का गं?" मग फोनमधून आत्याचं खुदखुदणं ऐकू यायचं. शेवटी निकाल. आतोबा म्हणायचे, "रिजेक्ट." नाना म्हणायचे, "दाजी, पास करावी. बिचारी ऐन हळदीच्या दिवशी विहिरीत पडली. पाय उलटे की सुलटे हे पाहायला तिला सवड कुठली?" "क्या बात करते हो, नाना! तुम्ही असता तर आमचा कारखाना दोन दिवसांत बंद पडला असता." एकमत नाही झालं की होल्ड. नानांचा शेरा आतोबा पेन्सिलीने लिहून ठेवत. मग भाऊबीजेला नाना बहिणीकडे देवासला गेले, ओवाळून झालं, की पाटाशेजारी वही येई आणि नाना आपल्या हिरव्या शाईने पेन्सिलीवरून गिरवून वर्षभराच्या सह्या करत. "हा माझा भाऊ माझ्याकडे येतो की भुतांकडे?" असं आत्या दर वर्षी विचारायची.

अकरा वह्यांत दोघांनी एकमताने पास केलेला सिनेमा एकच. जुना, फार स्वस्तात काढलेला, आणि त्यातल्या राक्षसाच्या मनगटावर नटाचं घड्याळ चुकून राहून गेलेलं. लोक त्या घड्याळाला हसायला म्हणून तो सिनेमा पुन्हा पुन्हा पाहतात. आतोबांनी मात्र चित्र थांबवून ते घड्याळ निरखलं आणि जाहीर केलं, "नायिका म्हणते दहा वाजले, आणि याच्या घड्याळात दहाच वाजलेत! इतका प्रामाणिक राक्षस मी पाहिला नाही." पास. नाना म्हणाले, "आणि गळा दाबायच्या आधी कसा हळूच घड्याळ मागे सारतो पाहा. लग्नात सासऱ्याने दिलेलं असणार." पास. तेव्हापासून भाऊबीजेचं जेवण झालं की तो सिनेमा लागायचा आणि राक्षस आला की दोघंही आपापल्या घड्याळात पाहायचे.

मागच्या हिवाळ्यात ते एक लांबलचक मालिका पाहत होते. बंद पडलेल्या शाळेत एक मास्तरीणबाई मेल्यावरही रोज हजेरी घ्यायला येते. पुरात हरवलेल्या एका मुलाच्या नावाशी अडते आणि पुन्हा पहिल्या नावापासून सुरू करते. नाना स्वतः मास्तर, त्यांचा जीव तिच्यात गुंतला होता. एकच भाग राहिला तेव्हा ते फोनवर म्हणाले, "उद्या सुटेल हो बाई." "नाही सुटत," आतोबा म्हणाले, "गोष्टीत खोट आहे." पैज लागली. त्या दुपारी नाना जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी अकराला आतोबा धारला आमच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते, आणि मोटर पाहायलाही उठले नव्हते.

त्यानंतर त्यांनी टीव्हीवर टॉवेल टाकला तो टाकलाच. मालिकेचं पान अर्धं भरलेलं, पुढे कोरं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "दुसरी सही नाही. एका सहीवर माल तपासायचा नसतो." दिवाळीच्या तोंडावर आत्याचा फोन आला. "अगं, घरात एक भूत उरलेलं नाही. घर खायला उठतं. हे नुसते खुर्चीत बसून असतात. बोलत नाहीत, पोहे तसेच ठेवतात. मला भीती वाटते गं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "काल पोळीसुद्धा तपासली नाही." तिला कसली भीती वाटत होती ते मला कळलं. भाऊबीजेच्या पहाटे मी धारहून इंदूर, इंदूरहून देवास अशा दोन बस केल्या. पर्समध्ये नानांचं हिरव्या शाईचं पेन होतं.

मी गेल्या गेल्या मालिकेचा राहिलेला भाग लावू या म्हटलं. आतोबा म्हणाले, "आज सण आहे, आज नको." मी विचारलं, "कारखान्यात एक तपासनीस गेला तर काय करत होतात?" "बदली माणूस देत." "मग मी आले आहे." नव्या उमेदवाराकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "दोष काढता येतात?" "शिकवा." त्यांनी चष्मा चढवला. मग उठले, टॉवेल काढला, त्याची नीट घडी केली आणि ट्यूबलाइट लावली. आत्या पोहे फोडणीला टाकायला गेली.

मास्तरीणबाईंनी हजेरी सुरू केली. वारा सुटला, दार करकरलं. आतोबा उठले, "मोटर..." म्हणाले आणि तिथेच थांबले. फोनवरून विचारणारं आता कुणी नव्हतं. ते परत खाली बसले, आणि माझ्या माहितीत पहिल्यांदाच त्यांनी घाबरायचा प्रसंग डोळे उघडे ठेवून पाहिला. बाई त्या नावाशी अडल्या. तेवढ्यात वर्गात एक म्हातारा आला, लहान मुलांच्या बाकावर कसाबसा मावला आणि म्हणाला, "हजर." बाईंनी हजेरीपट मिटला. घंटा झाली. त्या दारातून, सरळ दारातून, निघून गेल्या.

"जिंकले नाना," आतोबा म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला, वही ओढली आणि घसा साफ केला. "हजेरीपट पुरात भिजलेला होता. कोरडा कसा?" मी म्हटलं, "आणि आतोबा, घंटा. शाळेची घंटा चोरीला गेली असं शिपाई सुरुवातीलाच सांगतो. मग शेवटी वाजली ती कुठली?" आतोबा माझ्याकडे पाहतच राहिले. "अरे वा भिया!" ते अस्सल माळवी थाटात ओरडले, "हे माझ्या नजरेतून सुटलं! अगं ऐकलंस का, पोरीला नजर आहे!" इतके महिने कुठे दडून बसलेला आवाज होता तो, कुणास ठाऊक. "मग? रिजेक्ट?"

"नाही, पास. इतकी वर्षं हजेरी घेतली बाईंनी. एक घंटा आणली असेल कुठूनतरी."

देवासच्या रकान्यात आतोबांनी "पास" लिहिलं आणि वही माझ्याकडे सरकवली. मी हिरव्या शाईने माझी सही केली. मागची पानं चाळली तर गेल्या भाऊबीजेनंतरचे नानांचे शेरे पेन्सिलीतच होते. "हे गिरवू का?" मी विचारलं. "नको, तसेच राहू दे," ते म्हणाले. "पेन्सिल टिकते."

संध्याकाळी आत्याने गच्चीवर चंद्राला ओवाळलं. भाऊ नसलेल्या बायकांनी तसं करायचं असतं. मी एकुलती एक, माझ्या ते सवयीचं आहे. तिची पहिलीच वेळ होती. मागे उभ्या असलेल्या आतोबांनी डोळे बारीक करून वर पाहिलं. "कोर फारच बारीक आहे आज." "रिजेक्ट करू नका म्हणजे झालं," आत्या म्हणाली, आणि आम्ही तिघंही डोळे पुसत हसलो.

धारला परतल्यावर दुसऱ्या दिवशी अकराला नानांचा फोन वाजला. तो मी बंद केलेला नाही. रोज चार्ज करते, कशासाठी ते कुणाला सांगितलं नव्हतं. "नाना..." आतोबांच्या तोंडून गेलं, मग जरा थांबून, "बेटा, चालू करा." मी नानांच्या खुर्चीत बसले होते आणि मला त्यांची फार आठवण आली. पडद्यावर कुणीतरी एका बंद खोलीचं कुलूप काढत होतं. वारा सुटला, दार करकरलं, आणि देवासकडून आवाज येईनासा झाला.

"आत्या," मी हळूच विचारलं, "आतोबा मोटर पाहायला गेले का गं?"

पलीकडे आत्या हसली, अगदी नाना विचारायचे तेव्हा हसायची तशी.